शिफारस क्रमांक चार

"बाई, तिथंच थांबा. पुढं पाऊल टाकू नका," सोनाजी अस्वार म्हणाले आणि कुडाच्या फटीतून वाकून आत गेले.

मी थांबले. पानमळ्याच्या दारात थांबायची मला दोन वर्षांत चांगली सवय झाली होती. दार कसलं, तुराट्यांच्या कुडात ठेवलेली कमरेएवढी फट. तिच्या बाहेर मी, माझी पिशवी आणि सावरपाटीची पाच-सहा कुत्री. आत पानवेल. पानवेलीच्या मळ्यात बाईमाणसानं जायचं नाही, बाईचा पाय लागला की वेल जळते, असा त्या भागातल्या गावांचा नेम होता. तो नेम करणाऱ्याला भेटायची माझी फार इच्छा होती, पण तो कुणालाच ठाऊक नव्हता.

मी विद्यापीठाच्या पानवेल संशोधन केंद्रावर कनिष्ठ संशोधक होते. विषय वनस्पतींचे रोग. सत्तावीस वर्षांची, सुवर्णपदकवाली, जिभेनं जरा तिखट. ज्या वेलीवर माझा पगार चालत होता ती मी केंद्राच्या वाफ्यांत रोज पाहत होते, पण शेतकऱ्याच्या मळ्यात एकदाही पाहिली नव्हती. गावातून कोणी पान आणून दाखवावं आणि मी दारात उभ्यानं सल्ला द्यावा, असा आमचा कारभार. रोग्याला न बघता औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो, ते मी स्वतःला रोज म्हणत होते.

सोनाजी तीन पानं आणि मुळाचा एक तुकडा घेऊन बाहेर आले. साठीचे, सडपातळ, अंगात बंडी, पायात काही नाही. पानं त्यांनी ओंजळीत धरून माझ्यापुढे केली.

"पाह्य बरं. हे मर हाये का?"

मर म्हणजे त्या भागातल्या पानमळ्यांचा काळ. मातीत राहणारी बुरशी. पावसाळ्यात जागी होते, वेलीची मुळं कुजवते आणि पंधरा दिवसांत उभा मळा आडवा करते. सावरपाटीत एकेकाळी चाळीस मळे होते. सातपुड्याच्या पायथ्याचं हे पान पार वऱ्हाडाबाहेर जायचं. आठ वर्षांत मरीनं एकोणचाळीस नेले. उरला तो हा एक, सोनाजींचा, वीस गुंठ्यांचा. बायको गेलेली, मुलगा नव्हताच, मुलगी शांता दहिगावला दिलेली. या माणसाला मळ्याशिवाय दुसरं घर नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. आणि आता मळ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात चार वेली माना टाकून बसल्या होत्या.

मी पान उलटंपालटं केलं. मुळाचा तुकडा चिमटीत दाबला. तो इतका सुकला होता की त्यातून देवालाही काही कळलं नसतं.

"काका, यावरून नाही सांगता येत. वेल जागेवर उकरून बघायला हवी. माती, ओल, मुळं, सगळं."

"तुमच्यातला तो बाप्या पाठवा ना."

"तो एक महिन्याच्या रजेवर आहे. त्याच्या घरी लग्न आहे."

"मंग?"

"मग मी आहे."

सोनाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं आणि कुडाची फट तुराट्यांनी बंद केली.

"या बाई तुमी आता," ते म्हणाले. रागानं नाही. उलट मीच रागावले होते. सात किलोमीटर सायकल मारत परत येताना मी त्या नेमाला, त्या गावाला आणि बापजन्मात न पाहिलेल्या त्या नेम करणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता मी केंद्रावरच्या रोगट प्लॉटमध्ये होते. रोगट प्लॉट म्हणजे आम्ही मुद्दाम आजारी ठेवलेली जमीन. कोकणातून मरीची सगळ्यात जहाल जात आणून आम्ही त्या मातीत मिसळली होती. त्यात निरनिराळ्या वेली लावायच्या आणि कुठली तग धरते ते बघायचं. जी जगेल तिचं बेणं उद्या गावोगाव द्यायचं, हे आमचं स्वप्न. त्या प्लॉटमध्ये गमबूट घालून जायचं आणि बाहेर येताना बुरशी मारणाऱ्या मोरचुदाच्या पाण्यात बूट बुडवायचे, असा लेखी नियम होता. पण भांडारातला सगळ्यात लहान गमबूट नऊ नंबरचा. केंद्रावर बाई मी एकटीच, आणि माझा पाय पाच नंबरचा. मी दोनदा अर्ज दिला होता. भांडारपाल म्हणायचे, "मॅडम, एका बाईसाठी वेगळी खरेदी कशी दाखवू?" तेव्हा मी साडी खोचून अनवाणीच चिखलात उतरायचे आणि नंतर नळाखाली पाय धुवायचे.

त्या सकाळी मी मेलेल्या वेली मोजत होते, तेवढ्यात बांधावर सोनाजी दिसले. चालत आले होते. रात्रभर पाऊस झालेला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"आठ झाल्या," ते म्हणाले. "चारच्या आठ वेली झाल्या. चला बाई."

"कुठे?"

"मळ्यात. आत चला. लोकं काय म्हनाचं ते म्हनतीन. हा मळा गेला तर मी कोनाचा नेम पाळू?"

मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते. त्या म्हाताऱ्याची दया नंतर आली, आधी आनंद झाला. जिंकल्यासारखं वाटलं. मी घाईघाईनं नळावर पाय धुतले, चपला चढवल्या, आणि गावात जायचं म्हणून खोचलेला ओला काठ नीट खाली सोडला. गावात कुणी नाव ठेवायला नको होतं.

केंद्राची जीप सावरपाटीच्या वेशीपाशी उभी केली. मळ्याच्या दारात मी चपला काढल्या. सोनाजींनी विहिरीचं पाणी आणलं आणि माझ्या पायांवर तांब्यानं ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या.

"पाय धुतल्याबिगर कोनीच जात नाई," ते म्हणाले. "तुमच्यासाठी वेगळं नाई."

पलीकडे विहिरीवर दोन माणसं होती. ती मोट अर्धी सोडून बघत उभी राहिली. मी वाकून आत गेले.

आत काय होतं ते मी वाचून ओळखत होते, पण वाचलेलं फारच थोडं होतं. शेवरी आणि शेवग्याच्या ओळी, त्यांना लव्हाळ्यानं बांधलेल्या वेली, डोक्यावर पानांचं छत आणि खाली संध्याकाळसारखा उजेड. बाहेर ऑगस्टचा उकाडा आणि आत माठातल्यासारखा गारवा. सोनाजी पुढे, मी मागे, अशी आम्ही मधली ओळ धरली. ओळ अरुंद होती. माझा ओला काठ दोन्हीकडच्या वेलींच्या बुडांना घासत होता, आणि मी वर बघत चालले होते. चालताना मला रडू येत होतं, याची मला अजून लाज वाटत नाही.

कोपऱ्यात मी गुडघ्यांवर बसून वेल उकरली. एक, दोन, तीन. मुळांवर पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे. 

"काका, ही मर नाही."

"काय म्हन्ता?"

"मर नाही! ही साधी बुरशी आहे, पाणी तुंबलं म्हणून आलेली. या आठ वेली उपटा, जाळा. इथून चर काढा, चुना टाका. बाकी मळा ठणठणीत आहे."

सोनाजी तिथंच मातीत बसले. बराच वेळ ते चुन्याचं प्रमाण विचारत राहिले, तेच तेच, आणि मी तेच तेच सांगत राहिले. मग ते उठले, अंगठ्याला लोखंडी नखी चढवली आणि माझ्यासाठी पानं खुडायला लागले. मळ्यात आलेलं माणूस रिकाम्या हातानं जात नसतं म्हणे. दोन्ही हात भरले तरी ते थांबेनात.

"माह्या शांतीनं जल्मात हे आतून पाह्यलं नाई," ते म्हणाले. "आता तिले आनतो. तुमी आल्या अन् काई झालं नाई. मंग तिनंच काय केलं?"

केंद्रावर परत येऊन मी सगळ्यांना पानं वाटली, शिपायापासून आमचे प्रमुख बोरकर सरांपर्यंत. विद्यापीठ कशासाठी असतं, यावर त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत बरंच भाषण केलं.

सोळाव्या दिवशी सोनाजी आले. प्रयोगशाळेच्या दारातच उभे राहिले. हातात फडक्यात बांधलेली मुळं.

"कोपरा बरा हाये," ते म्हणाले. "चर काढला तुमी सांगितला तसा. पन मधल्या वळीत काईतरी सुरू झालं."

"मधल्या?"

"आपुन गेलतो ना, ते वळ. दोन्ही अंगानं."

मुळं काळी, बुळबुळीत होती. कुजक्या मुळांचा तो वास मी झोपेतही ओळखला असता. तरी मी म्हटलं, बघून सांगते. मुळाचे तुकडे काचेच्या बशीत लावले आणि चार दिवस थांबले. मर कुठून आली हे कळायची एक सोय आमच्याकडे होती. आमच्या भागातली मर बशीत वाढते ती नुसती कापसासारखी, सपाट. आम्ही कोकणातून आणलेली जहाल जात मात्र पाकळ्या पाकळ्यांनी वाढते, शेवंतीच्या फुलासारखी. ती आमच्या रोगट प्लॉटखेरीज त्या जिल्ह्यात कुठेही नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी मी बशा उघडल्या. अकरा बशा होत्या. अकराही बशांत शेवंती होती.

मी घरी गेले. त्या दिवशीची साडी धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेली होती. काठाला आतून लावलेली फॉलची पट्टी मी उसवली. शिवणीत काळी माती अजून होती. ती मी बशीत लावली. लावायची गरज नव्हती, पण लावली. शेवंतीच आली.

बोरकर सरांनी सगळ्या बशा शांतपणे पाहिल्या. माणूस वाईट नव्हता.

"शोध मोठा आहे," ते म्हणाले. "पायाला, कपड्याला लागलेल्या मातीतून मर पसरते, याचा एवढा स्वच्छ पुरावा कुणाकडे नाही. सगळ्या भागाचं भलं होईल. प्रयोग नीट आखा, दोन हंगाम घ्या, मग शिफारस काढू."

"आणि सोनाजी अस्वार?"

"त्यांना काय सांगणार? विद्यापीठानं तुमचा मळा मारला? उद्या एकाही गावात केंद्राचा माणूस शिरू देणार नाहीत. हा मळा तर गेलाच. पुढचे शंभर वाचवायचे की नाही, ते तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. म्हणजे काहीच केलं नाही.

पोळ्याच्या आधी मधली ओळ आडवी झाली, गणपतीत निम्मा मळा, दसऱ्याला काही उरलं नाही. मी फवारायला बोर्डो मिश्रण दिलं, माणसं पाठवली. विझल्या चुलीवर फुंकर घालण्यातला तो प्रकार होता आणि हे मला एकटीला माहीत होतं. सावरपाटीत मारुतीच्या पारावर माणसं जमली. बाई आत गेली, वेल जळाली, याला आता पुरावा लागतच नव्हता. ज्या ओळीतून मी गेले तीच ओळ आधी गेली, हे विहिरीवरच्या त्या दोघांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं खोटं होतं असं म्हणायची मला आजही सोय नाही.

दसऱ्यानंतर सोनाजी केंद्रावर आले. सोनं द्यायला आले असावेत असं मला वाटलं, पण हात रिकामे होते. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा."

"गाव म्हन्ते, तुमच्या पायानं गेला. मी पाराजवळ भांडलो. म्हनलो, बाई शिकेल हाये, तिलेच इचारतो. तिनं हो म्हनलं तर हो, नाई म्हनलं तर नाई. तुमच्यानं गेला का वं मळा?"

मी त्या वेळी काय विचार केला हे मी नंतर अनेकदा सजवून सांगितलं आहे, स्वतःला. की मी हो म्हटलं असतं तर शांतासारख्या बायकांच्या वाटेवर कायमचा धोंडा पडला असता. की त्या माणसाला माती आणि पाय यांतला फरक समजला नसता. हे सगळं मागाहून सुचलेलं आहे. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते.

"नाही," मी म्हणाले.

"मंग कायनं गेला?"

"हवेनं. यंदा पाऊस फार, ओल फार. अशा हवेत कुठेही येते."

सोनाजींनी मान हलवली. चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "हवेले कोन काय करनार," असं म्हणून ते निघाले. मी त्यांना हाक मारून सांगितलं, वेली जाळा, तीन वर्षं तिथे पानवेल लावू नका. त्यांनी ते ऐकलं. पाय, कपडे, खुरपं, पाटी यांचं मी काही बोलले नाही. ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता.

मळा नसलेला पानमळेवाला काय करणार? सोनाजी दहिगावला जावयाच्या मळ्यात कामाला जाऊ लागले. जावई बबन भला माणूस, मळा चांगला तीस गुंठ्यांचा. सकाळी आपल्या मेलेल्या मळ्यातली खोडं उपटायची, दुपारी तीच कुदळ, तेच खुरपं खांद्यावर टाकून दहिगावला जायचं. पाय ते धुतच असतील, नेम होता. अवजारं धुवायचा नेम नव्हता. पुढच्या पावसाळ्यात दहिगावहून मुळं आमच्याकडे तपासायला आली. पाठवणाऱ्याचं नाव बबन येऊल. मी बशा लावल्या. बशी उघडायच्या आधीच मला माहीत होतं.

तो मळा गेला. बबन आणि शांता नागपूरकडे वीटभट्टीवर गेले, असं कोणीतरी सांगितलं. मी त्याबाबत जास्त विचारलं नाही.

दोन हंगामांचे प्रयोग पूर्ण झाले आणि आमची शिफारस निघाली. एका पानाचं पत्रक, सहा शिफारशी. चौथी माझी होती: मळ्यात येणाऱ्या प्रत्येकानं पाय मोरचुदाच्या पाण्यात बुडवावेत, अवजारं त्याच पाण्यात धुवावीत, लोंबणारे कपडे घालून आत जाऊ नये. स्वस्त, सोपी, कुणालाही जमेल अशी. तिच्यामुळे शेजारच्या दोन तालुक्यांतले मळे टिकले, हे खरं आहे. आजही तिकडे दारादारात मोरचुदाचं निळं पाणी भरलेली घमेली दिसतात आणि लोक विद्यापीठाचं नाव घेतात. मला त्यावर बढती मिळाली. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात चौथ्या शिफारशीचा उल्लेख तीन वक्त्यांनी केला.

पत्रक पहिल्यांदा वाटलं ते केंद्रावरच्या शेतकरी मेळाव्यात. मांडवात तीनेकशे माणसं होती. मी व्यासपीठावरून चौथी शिफारस समजावून सांगितली, प्रश्नांची उत्तरं दिली, टाळ्या झाल्या. खाली उतरले तर मांडवाच्या खांबाला टेकून सोनाजी उभे होते. फार वाळले होते. सावरपाटीत एकही मळा नव्हता, तरी ते आले होते.

"बाई, वळखलं का?"

"काका, ओळखणार कशी नाही."

त्यांच्या हातात पत्रक होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं, कारण अंगठा नेमका चौथ्या ओळीवर होता.

"हे पायाचं, खुरप्याचं," ते म्हणाले. "मातीतून जाते म्हन्ता."

"हो."

"माह्या खुरप्यानंच गेला मंग बबनचा मळा."

आजूबाजूला माणसं जेवणाच्या पंगतीकडे चालली होती, त्यांचे धक्के आम्हाला लागत होते. सोनाजी पत्रकाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. त्या नजरेत संशयाचा लवलेशही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाई, हे तुमाले कवा कळलं?"

तीनशे माणसांपुढे मी अर्धा तास न अडखळता बोलले होते. इथे मला एकच शब्द बोलायचा होता.

"यंदाच," मी म्हणाले.

"तरीच," सोनाजी म्हणाले. पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी ती बंडीच्या खिशात ठेवली. "मी शांतीले तेच म्हनलो. म्हनलो, बाईले आधी ठाऊक असतं, तर तिनं मले सांगितलं असतं."